एक किलोमीटरचा वाद: पंचवीस टक्के प्रवेशांमागचा इतिहास

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी मोफत राखून ठेवाव्या लागतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने या प्रवेशांच्या नियमांत एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, घातले. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या जागा राखून ठेवायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. मोठ्या शहरात या सवलतीत न बसणारी खासगी शाळा शोधूनच काढावी लागली असती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे परंतुक रद्द केले आणि बातम्यांपुरता विषय संपला. त्यामागचा प्रश्न मात्र बराच जुना आहे: कोणाच्या मुलाने कोणाच्या मुलाशेजारी बसायचे, हे ठरवायचे कोणी?

पूर्वी त्याचे उत्तर उघडपणे दिले जाई. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला आणि त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. त्याची बाजू न्याय्य आहे हे सरकारलाही दिसत होते. तरीही एका मुलासाठी बाकीच्यांवर सहवास लादला तर शाळाच निरुपयोगी होईल, असा पवित्रा घेऊन त्याला परत पाठवले गेले. 'बाकीचे पालक मुले काढून घेतील' हा युक्तिवाद इतका जुना आहे. कोल्हापूर संस्थानाने १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो युक्तिवाद निदान एका ठिकाणी तरी झुगारला गेला.

स्वातंत्र्यानंतर जातीची आडकाठी कायद्याने गेली आणि पैशाची आली. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने स्पष्टच लिहिले होते की शिक्षणच सामाजिक विलगता वाढवू लागले आहे. पैसेवाल्यांची मुले फी घेणाऱ्या शाळांत, बाकीची सरकारी शाळांत. उपाय म्हणून समान शाळा पद्धती सुचवली गेली: आपल्या वस्तीतल्या शाळेत सगळ्यांनी मुले घालायची. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात ती आली आणि कागदावरच राहिली.

महाराष्ट्रात मात्र अनुदानित शाळांमुळे काही काळ थोडीफार सरमिसळ झाली. पगार सरकार देणार, शाळा संस्था चालवणार, फी नावापुरती. त्यामुळे तालुक्याच्या गावी डॉक्टरांचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका वर्गात असणे अपवादात्मक नव्हते. त्या काळाचे फार गोडवे गाण्याची गरज नाही. त्याच वर्गांतून गळती कोणाची व्हायची, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बाके तरी एक होती.

ती वेगळी झाली ती सरकारी निर्णयांनी. अनुदानाचा बोजा नको म्हणून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानग्या दिल्या गेल्या. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला, पण २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या, शाळांच्या कायद्याने दार पुन्हा सताड उघडले. इंग्रजी माध्यमाची ओढ होतीच. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू करूनही आणि नंतर सेमी इंग्रजीचे वर्ग काढूनही ती थांबली नाही.

पालकांना यात दोष देणे सोपे आहे. पण पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळा चांगली की वाईट हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. शिकवणे दिसत नाही. दिसते ते एवढेच, की तिथे कोणाची मुले जातात. त्यावरून शाळेची प्रत ठरवली जाते. ज्यांना परवडते ते आधी निघतात, मग ज्यांना कसेबसे परवडते ते. मागे उरलेल्या शाळेचा पट घसरतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, ती पदे जातात, दोन इयत्ता एकाच खोलीत बसवाव्या लागतात आणि उरलेल्या पालकांनाही निघायला रास्त कारण मिळते. कोणीही दुष्टपणा न करता शाळा विभागल्या जातात. चिलीने १९८१ पासून पालकांच्या निवडीमागोमाग सरकारी अनुदान खासगी शाळांकडे वळवले. पुढे त्या शाळांना वर फी घेण्याचीही मुभा मिळाली. तेथील शाळा आर्थिक थरांनुसार इतक्या विभागल्या गेल्या, की २०१५ मध्ये अनुदान घेणाऱ्या शाळांना मुले निवडून घेण्यास आणि फी आकारण्यास बंदी करणारा कायदा त्यांना करावा लागला. आपल्याकडे फी हीच चाळणी आहे आणि तिला कोणी हात लावलेला नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले पंचवीस टक्क्यांचे कलम या पार्श्वभूमीवर आले. त्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी पहिल्यापासून आहेत. एक म्हणते, की ही सरकारी शाळांच्या तुटवड्यावरची तात्पुरती सोय: वस्तीत शाळा नसेल तर गरीब मुलाने खासगी शाळेत जावे. दुसरी म्हणते, की हे कलम मुले एकत्र शिकावीत यासाठीच आहे. माझ्या मते कायद्याची रचनाच दुसरी दृष्टी सांगते. वस्तीत शाळा काढण्याची जबाबदारी सरकारवर टाकणारे कलम वेगळे आहे, आणि त्याची पूर्तता झाली म्हणून खासगी शाळांची सुटका होईल असे कुठेही लिहिलेले नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर या मुलांना वेगळ्या वर्गात, वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळेला बसवू नये अशी ताकीद आहे. नुसती सोय करायची असती तर दुपारची वेगळी पाळीही चालली असती.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये हे कलम दोन विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवले. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या गेल्या आणि २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याक शाळांना संपूर्ण कायद्यातूनच मोकळे केले.

राज्यात मात्र चर्चा फिरत राहिली ती पैशाभोवती. सरकार शाळांना देते ती प्रतिपूर्ती म्हणजे दर मुलामागचा सरकारी खर्च किंवा शाळेची फी, यांपैकी कमी असेल ती रक्कम. अनेक वर्षे ती १७,६७० रुपये होती. करोनाकाळात ८,००० वर आणली गेली. तीही वेळेवर मिळेना. थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली, आणि शाळा प्रवेश देताना टाळाटाळ करू लागल्या की सरकारलाही सुनावता येईना. एकीकडे जिल्हा परिषदेच्या शाळा ओस पडताहेत आणि दुसरीकडे मुले बाहेर पाठवण्यासाठी आपणच पैसे मोजतो आहोत, हे वित्त खात्याच्या डोळ्यांत खुपणे स्वाभाविक होते.

२०२४ चे परंतुक या खुपण्यातून आले. त्यामागच्या युक्तिवादात एक गोष्ट खरी आहे आणि सरकारी शाळांच्या बाजूने बोलणाऱ्या काहींनाही ती पटते: जाणीव असलेले, कागदपत्रे जमवू शकणारे गरीब पालक खासगी शाळेत गेले, की सरकारी शाळेसाठी भांडणारे कोणी उरत नाही. पण मग तो न्याय सगळ्यांना लावायला हवा होता. परंतुकाने फी भरणाऱ्याची निवड शाबूत ठेवली आणि न भरू शकणाऱ्याला तेवढे सांगितले, की तुझ्या घराजवळ शाळा आहे, तिथे जा. समान शाळेची भाषा फक्त गरिबांपुरती लागू झाली.

परिणाम लगेच दिसला. सरकारी आणि अनुदानित शाळाही यादीत घेतल्यामुळे उपलब्ध जागांचा आकडा सुमारे लाखावरून आठ लाखांच्या वर फुगला, आणि अर्ज मात्र येईनात. ज्या शाळेत एरवीही चालत जाऊन नाव घालता येते, तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ऑनलाइन अर्ज कोण भरणार? ६ मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवावे लागले आणि तेव्हा साधारण एक लाख जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. पालकांना काय हवे होते, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायला नको. १९ जुलैला परंतुक मूळ कायद्याशी विसंगत ठरून रद्द झाले. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही शाळाचालकांचे आव्हान फेटाळले. दरम्यान कित्येक शाळांनी त्या जागा फी भरणाऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. ते प्रवेश उच्च न्यायालयाने मोडले नाहीत, पण राखीव जागा भरण्याची जबाबदारी शाळांवर कायम ठेवली.

शेजारी कर्नाटकात असाच बदल २०१९ मध्ये झाला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि खासगी शाळांतल्या राखीव जागा झपाट्याने आटल्या. एकच केंद्रीय कायदा दोन शेजारी राज्यांत असा वेगवेगळा वाचला गेला.

या सगळ्या भांडणात सरमिसळीचा उपयोग होतो का, हे विचारले जात नाही. दिल्लीतल्या महागड्या शाळांवर एक चांगला अभ्यास झाला आहे. गरीब सहाध्यायी मिळालेली श्रीमंत मुले अधिक उदार झालेली आढळली, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. त्यांच्या गुणांवर म्हणण्यासारखा विपरीत परिणाम झाला नाही.

तरी पंचवीस टक्क्यांकडून फार अपेक्षा करू नयेत. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांची विभागणी फीच करते. दुर्बल घटकासाठी वार्षिक एक लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. त्याच्या थोडे वर कमावणारा, उत्पन्नापेक्षा जातीसारख्या निकषांवर ठरणाऱ्या वंचित घटकातही मोडत नसेल, तर तो दोन्हीकडून बाहेर. अल्पसंख्याक शाळांची सूट योग्य होती का, अशी शंका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी, शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात, उपस्थित केली आणि विषय मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस केली. शिवाय कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीची पावती हातात पडते, आणि या राखीव जागांच्या लॉटरीतून आलेली किती मुले त्याच शाळेत दहावीला बसतात, हे प्रवेशांच्या आकड्यांत मोजले जात नाही.