चिंचिला : पाळीव प्राण्याचा आहार व पाणी

चिंचिला हा कृंतक (कुरतडणाऱ्या) गणातील सस्तन प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. पाळण्यात येते ती मुख्यतः चिलीतील चिंचिला लॅनिजेरा ही जाती. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणपणे ४०० ते ६०० ग्रॅम भरते. मॅथायस चॅपमन या अमेरिकी खाण-अभियंत्याने १९२३ मध्ये चिलीहून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आजच्या पाळीव चिंचिलांपैकी बहुतेक त्यांचेच वंशज मानले जातात.

चिलीतील कोरड्या, खडकाळ उतारांवर हा प्राणी चिवट गवत, झुडपांचा पाला व साल खातो, अवर्षणात निवडुंगही खातो. पाण्याची गरज बरीचशी वनस्पतींतील ओलाव्यावर आणि दवावर भागते. अशा निकस चाऱ्यासाठीच त्याचे दात आणि आतडी घडलेली आहेत. पोटभर पौष्टिक खाऊ घालण्याची माया म्हणूनच त्याच्या जिवावर बेतते.

आहाराचा पाया म्हणजे वाळलेले गवत, शक्यतो टिमोथी गवत. ते दिवसरात्र समोर असावे. चिंचिलाचे वीसही दात आयुष्यभर वाढतात; पुढचे पटाशीचे दात तर वर्षाला ५ सेंमी.हून अधिक वाढू शकतात. नुसते लाकूड कुरतडून पुढचे दात झिजतील, पण दाढा झिजतात त्या गवताचे तंतू तासन्‌तास आडवे रगडल्यानेच. दाढा वाढल्या की त्यांची मुळे जबड्यात मागे रेटली जातात. मग खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवले तर उंचवटे हाताला लागतात, डोळ्यातून पाणी येते, हनुवटीखालची लव लाळेने चिकट होते. ही चिन्हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. निरोगी दात पिवळसर-नारिंगी असतात, हेही लक्षात ठेवावे. पांढरे दात चांगले समजण्याची चूक अनेक जण करतात.

पचनाचे मुख्य काम अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत, सूक्ष्मजीव करतात. तेथे तयार झालेल्या मऊ लेंड्या प्राणी स्वतःच खातो. ते विकृत वर्तन नसून पचनाचाच भाग आहे. त्यात अडथळा आणू नये. साखर वा पिष्टमय पदार्थ वाढले की सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो, वायू साचून पोट फुगते आणि चिंचिलाला उलटी करता येत नसल्याने सुटका नसते. मनुका, सुके अंजीर, केळे, बिस्किटे, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया देऊ नयेत. मनुका हातात धरून, मागच्या पायांवर बसून खाणारा चिंचिला फार गोड दिसतो, त्यामुळे हा नियम पाळणे खरोखरच अवघड जाते.

गवताच्या जोडीला एकजिनसी गोळ्यांचे खाद्य दिवसाला एक ते दोन मोठे चमचे पुरते. बियांचे मिश्रण दिले, तर तो आवडीचे तेवढे वेचतो. आपल्याकडे चाऱ्यासाठी पिकवला जाणारा लसूणघास सहज मिळतो. पण त्यात प्रथिने व कॅल्शियम जास्त, म्हणून तो पिल्लांना आणि गाभण वा दूध पाजणाऱ्या मादीलाच ठीक. ओलसर, कुबट वासाचे गवत फेकून द्यावे. खाद्य बदलायचे तर आठ-दहा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे. प्राणी संधिकाळी व रात्री जागा असल्याने गोळ्या संध्याकाळी द्याव्यात.

घरातला चारा सुका असतो, त्यामुळे ताजे पाणी सतत हवे. उघड्या वाटीत लेंड्या व कचरा पडतो, शिवाय अंगावरची अतिदाट लव भिजली की लवकर वाळत नाही. म्हणून पिंजऱ्याला बाहेरून टांगलेली, नळीच्या टोकाशी धातूची गोळी असलेली बाटली वापरतात. ती गोळी कधीकधी अडकते. बाटली भरलेली दिसते आणि प्राणी मात्र तहानलेला राहतो, मग सुके गवतही खाईनासा होतो. रोज पाणी बदलताना बोटाने गोळी दाबून थेंब येतो का ते पाहावे आणि नळी आतून ब्रशने घासावी, कारण तेथे साचणाऱ्या बुळबुळीत थरात स्यूडोमोनास जीवाणू वाढून संसर्ग होऊ शकतो. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नयेत. चव बदलली की प्राणी पाणी कमी पितो. क जीवनसत्त्व गिनीपिगला बाहेरून घ्यावे लागते, चिंचिला मात्र ते स्वतःच्या शरीरात तयार करतो.

लेंड्या लहान, कोरड्या वा कमी होणे ही आजाराची पहिली खूण. अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही तर आतड्यांची हालचाल थंडावते. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. पेनिसिलीन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास अंधनालातील उपयुक्त सूक्ष्मजीव मरून प्राणी दगावू शकतो, म्हणून घरातले उरलेले औषध कधीही देऊ नये.