ताडपत्री बांधली की कोळशाची धूळ थांबते?

'ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधली की कोळशाची धूळ होतच नाही', हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, आणि ताडपत्री हवीच. उडणारा माल ती अडवते. पण रस्त्यावरची बरीचशी धूळ मालातून नाही, चाकांखालून येते. सांडलेले तुकडे आणि कडेची माती जड टायरखाली दळली जाते, मग मागून येणारी प्रत्येक गाडी तीच पूड पुन्हा उडवते.

तपासणं सोपं आहे. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या रस्त्यावर जरा लांब उभे राहा. (इथे कोळसा मुख्यतः रेल्वेने येतो, ट्रकमधून राख जाते, धुळीचा हिशेब तोच.) रिकामा ट्रक गेला तरी लोट उठतो. रस्त्यावर पाणी मारलं की बसतो, वाळलं की पुन्हा सुरू. चंद्रपूर-वणीकडच्या खाणींत कच्च्या रस्त्यांवर टँकर फिरवतात ते याचसाठी.

डिझेलच्या धुराला तर ताडपत्रीचा काहीच अटकाव नाही. त्यातले बहुतेक कण 2.5 मायक्रॉनहून बारीक, थेट फुप्फुसात खोल जाणारे. म्हणून गॅलरीत ओलं पांढरं फडकं ठेवून काळा डाग दिसला, तर तो कोळशाचाच असं लगेच धरू नका. काजळीही तशीच दिसते.