स्पॉट मीटरिंग लावलं की फोटो काळा येत नाही?

‘फोटो काळपट येतोय? स्पॉट मीटरिंग लाव, तेच सगळ्यात अचूक.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मीटरिंग म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजून फोटो किती उजळ घ्यायचा ते ठरवणं. स्पॉट अचूक मोजतं हे खरं, पण फ्रेमचा जेमतेम १ ते ५ टक्के भाग. आणि मोजलेला तो ठिपका पांढरा आहे की काळा, हे मीटरला कळतच नाही.

मीटरिंगचा मोड कुठलाही असो, मूळ गृहीत एकच: समोरचं दृश्य मध्यम करडं आहे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारं. पांढऱ्या शर्टावर स्पॉट धरून बघा. मीटर म्हणेल, ‘फार उजेड आहे’, आणि शर्ट राखाडी, चेहरा काळवंडलेला. काळ्या मांजरावर धरलं तर उलटं, मांजर फिकट करडं. म्हणजे काळपट फोटोवरचा हा उपाय कधीकधी फोटो आणखी काळा करतो!

मॅट्रिक्स मोड फ्रेमचे अनेक भाग तोलून अंदाज बांधतो. निकॉन एफए कॅमेऱ्यात ही पद्धत १९८३ मध्ये आली. रोजच्या कामाला माझं मत त्यालाच. पांढरं जास्त असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ किंवा +१.५ करायचं आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना, एवढं पाहायचं. स्पॉट वापरायचाच तर पाठीमागून उजेड असताना, चेहऱ्यावर धरून.

फोटो आधीच काढून झालाय? रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) असेल तर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळता येतो, सावल्यांत थोडा नॉइज (दाणेदारपणा) दिसेल. जेपेगमध्ये मात्र तेवढी मुभा नसते.