सणाच्या जेवणातले दोन वेगळे ताण

सिअॅटलमधील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, १०० गुणांवर. लग्नाला ५०. तळाशी वाहतुकीचा नियम मोडण्यासारखे किरकोळ गुन्हे, ११ गुण. त्यांच्या जेमतेम वर नाताळ, १२ गुण. कुटुंबाच्या गाठीभेटी वाढल्या किंवा कमी झाल्या तर १५. आणि सासरच्या मंडळींशी बिनसले तर थेट २९. सण बिचारा बाराच गुणांचा धनी. बाकीची भर त्याच्या निमित्ताने जमलेली माणसे घालतात.

सणाचे जेवण जवळ आले की पोटात गोळा येणाऱ्यांना आज ढीगभर सल्ले मिळतात. लवकर निघा. वादाचे विषय टाळा. काहीतरी काम अंगावर घ्या. दीर्घ श्वास घ्या. हे सल्ले एकाच ठिकाणाहून आल्यासारखे वाटतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत आणि काही सल्ले तर एकमेकांच्या मुळावर उठणारे आहेत. कारण आपण ज्याला सरसकट ‘टेन्शन’ म्हणतो त्यात दोन निराळी दुखणी आहेत. एक, चारचौघांत बसून खाण्या-बोलण्याची धास्ती. दुसरे, विशिष्ट नातेवाइकांशी असलेला जुना तिढा. दोन्हींचा अभ्यास वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात केला आणि बराच काळ त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

जेवताना लोक आपल्याकडे बघत असतात, ही जाणीव फार जुनी. डच विद्वान इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात जेवताना कसे बसावे, हात कुठे ठेवावेत, काय करू नये, याच्या बारीक सूचना आहेत. समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियासने १९३९ मध्ये अशाच जुन्या सूचनांचा माग काढला. जी गोष्ट आधी वडीलधाऱ्यांना बजावून सांगावी लागत होती, ती पुढच्या पिढ्यांना आपोआप लाजिरवाणी वाटू लागली, हे त्याचे निरीक्षण. बाहेरचा धाक आत जाऊन बसला. गेऑर्ग झिमेलने १९१० च्या निबंधात जेवणातला आणखी एक पेच दाखवला होता: मी खाल्लेला घास दुसरा कुणीही खाऊ शकत नाही, म्हणजे खाणे ही सर्वांत स्वार्थी क्रिया, तरीही माणसांना एकत्र आणायला जेवणासारखे दुसरे काही नाही. मला हा निबंध आजच्या कित्येक सल्लागारांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण जेवणात अवघडणे हा कुणाचा वैयक्तिक दोष नाही, हे त्यातून सहज कळते.

धास्तीला वैद्यकीय नाव मिळायला मात्र वेळ लागला. फ्रान्समध्ये पिएर जाने याने १९०३ मध्ये ‘सामाजिक प्रसंगांची भीती’ असा गट वेगळा काढला. जपानमध्ये शोमा मोरिता याने आपल्या वागण्या-दिसण्याने इतरांना त्रास होईल अशा भीतीने पछाडलेल्या रुग्णांवर काम केले. भीतीशी झटापट करू नका, ती असू द्या आणि हातातले काम करा, हा त्याच्या उपचाराचा गाभा. लंडनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी १९६६ मध्ये वेगवेगळ्या भीती कोणत्या वयात सुरू होतात हे तपासून सामाजिक भीती इतरांपासून वेगळी दाखवली. मग १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘सोशल फोबिया’ हे निदान आले. त्याच्या उदाहरणांत सभेत बोलणे होते, इतरांसमोर लिहिणे होते आणि चारचौघांत खाणेही होते. मायकेल लीबोविट्झने १९८७ मध्ये बनवलेल्या २४ प्रसंगांच्या मोजपट्टीतही खाणे आणि पिणे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

ही भीती टिकते कशी, याचे सर्वांत नेमके चित्र डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडले. हात थरथरताना कुणाला दिसू नये म्हणून माणूस पाण्याचा ग्लास घट्ट आवळून धरतो. आवळल्याने थरथर आणखी वाढते. चूक होऊ नये म्हणून तो प्रत्येक वाक्य मनात घोळवून मगच बोलतो. तोवर विषय पुढे सरकलेला असतो आणि समोरच्याला वाटते, याला आपल्यात रस नाही. सारे लक्ष स्वतःवर खिळल्याने समोरच्या चेहऱ्यावर खरोखर काय आहे ते दिसतच नाही. या बचावाच्या युक्त्यांमुळेच भीती जिवंत राहते, असे हे दोघे म्हणतात. म्हणून त्यांच्या उपचारात रुग्णाला मुद्दाम ग्लास सैल धरायला लावतात, तयारी न करता बोलायला लावतात आणि नजर बाहेर वळवायला शिकवतात. पुढे २००० मध्ये टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवले. किती जणांच्या लक्षात आले असेल, याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला.

आता दुसरे घराणे, नातेवाइकांशी असलेल्या तिढ्याचे. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांना १९५० च्या दशकात एक विचित्र गोष्ट आढळली: स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण बरे होऊन आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतले की पुन्हा आजारी पडत; परक्यांच्या घरी भाड्याने राहणाऱ्यांचे तुलनेने बरे चाले. मग घरच्यांच्या मुलाखती घेऊन टोमणे, वैरभाव आणि अति काळजी मोजली जाऊ लागली, तीही शब्दांवरून तितकी नव्हे, जितकी आवाजाच्या पट्टीवरून. १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी त्यात वेळ धरला. टीकेच्या घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर काढणाऱ्यांना धोका सर्वाधिक होता. हे संशोधन गंभीर आजाराचे आहे. ते जसेच्या तसे सणाच्या दुपारीला चिकटवणे बरोबर नाही. तरी ‘मुक्काम नको, दोन तास पुरे’ या सल्ल्यामागे हाच धागा आहे: टीका सहन होते की नाही, हे ती किती वेळ चालते यावरही ठरते.

ब्राऊन यांच्या सुरुवातीच्या कामाच्याच सुमारास अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन संपूर्ण कुटुंबांनाच रुग्णालयाच्या वॉर्डात राहायला बोलावून त्यांचे निरीक्षण करत होता (१९५४ ते १९५९). त्याने त्रिकोणाची कल्पना मांडली: दोघांत ताण वाढला की तिसऱ्याला ओढले जाते. आईचे मुलाशी बिनसले की ती ते मुलीला सांगते. मुलगी निरोप्या होते आणि मूळ दोघे कधी बोलतच नाहीत. बोवेनने हे स्वतःच्या घरातही करून पाहिले. कुटुंबातल्या चुगल्या ज्याच्याबद्दल होत्या त्यालाच पत्राने कळवल्या आणि मग प्रत्यक्ष जाऊन, कुणाची बाजू न घेता बसून राहिला. १९६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या परिषदेत त्याने शोधनिबंधाऐवजी हीच हकीकत सांगितली. पुढे १९७२ मध्ये ती छापली गेली तेव्हा लेखकाचे नाव नव्हते. घरच्यांशी संबंध तोडून ताण संपत नाही, तो फक्त दुसरीकडे डोके काढतो, असे त्याचे ठाम मत होते. ज्या घरात मारहाण किंवा छळ झाला आहे तिथे मी ते मानत नाही.

जेवतानाची भांडणे कुणी प्रत्यक्ष टिपली का? टिपली. सॅम वुचिनिच यांनी १९८० च्या दशकात घरोघरच्या रात्रीच्या जेवणांच्या ध्वनिचित्रफिती अभ्यासल्या. बहुतेक वाद ना तडजोडीने संपत होते, ना कुणाच्या माघारीने. दोघेही आपापल्या जागी ठाम राहत आणि विषय तसाच सुटत असे. जे लोक ‘आज एकदाचे काय ते मिटवून टाकू’ म्हणून सणाला येतात, त्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. वाद झालाच नाही तरी ताण मोजता येतो, हे किथ चेन आणि राइन रोला यांनी २०१८ मध्ये दाखवले. मोबाईलच्या ठिकाणांच्या नोंदींवरून त्यांना दिसले की २०१६ च्या निवडणुकीनंतरच्या थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या अमेरिकी कौटुंबिक सणाला) विरोधी पक्षांच्या वस्त्यांतून आलेल्यांची जेवणे ३० ते ५० मिनिटांनी लवकर आटोपली.

आता सल्ल्यांकडे परत पाहिले की गोंधळ उलगडतो. ‘काम काढून स्वयंपाकघरात थांबा’ हा सल्ला काकांच्या टोमण्यांपासून वाचायला ठीक आहे. पण ज्याला चारचौघांचीच धास्ती आहे, त्याच्यासाठी ती आवळून धरलेल्या ग्लासाचीच दुसरी तऱ्हा. लवकर निघण्याचेही तसेच. त्रास ठरावीक दोन माणसांपुरता असेल आणि इतरत्र आपण मोकळे असू, तर वेळ आधीच ठरवून घेण्यात कमीपणा नाही. पण अनोळखी लोकांच्या जेवणातही तोच घाम फुटत असेल, तर दरवेळी लवकर निघाल्याने पुढचे निमंत्रण आणखी जड होते. पुष्कळांना दोन्ही एकदमच असते. तेव्हा जेवणातून उठून थोडा वेळ बाहेर जायचेच असेल तर परत येण्याची वेळही ठरवून जावे.

बाहेर किती वेळ थांबावे, याचेही उत्तर आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या नाडीची नोंद ठेवली. ठोके मिनिटाला शंभरापलीकडे गेले की समोरचा काय म्हणतो आहे ते नीट ऐकूच येत नाही. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटे लागतात. एका प्रयोगात त्यांनी भांडण मध्येच थांबवून जोडप्यांना मासिके वाचायला दिली आणि नंतरचे बोलणे बरेच निवळले. गच्चीवर जाऊन तोच टोमणा आणि त्याला द्यायचे उत्तर घोळवत बसलो, तर वीस मिनिटांनीही नाडी तिथेच असते.