दूध बाधतं म्हणजे ॲलर्जी नव्हे

"मला दुधाची ॲलर्जी आहे," असं म्हणणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना ॲलर्जी नसतेच. वाटीभर बासुंदी खाल्ली की तासा-दोन तासांत पोट गुडगुडतं, फुगतं, जुलाब होतात. पण हीच माणसं ताकभात आरामात पचवतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर वय वाढतं तसं अनेकांच्या आतड्यात कमी होतं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. विरजणातले जिवाणू त्यातली बरीच साखर आधीच संपवतात, म्हणून ताक सोसतं. त्रास खरा, पण जिवावरचा नाही.

ॲलर्जी वेगळी. तिथे प्रतिकारशक्ती दुधातल्या केसीनसारख्या प्रथिनांवर तुटून पडते, आणि ती दह्या-पनीरमध्येही असतात. लॅक्टोज काढलेल्या दुधातसुद्धा! बोटभर श्रीखंड चाटवलं तरी अशा बाळाच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, छाती घरघरते. त्याच्या आईला "थोडं थोडं देत जा, सवय होईल" असं कृपा करून सांगू नका. तो प्रयोग फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. श्वास अडकला तर हळद-मध करत बसू नका, लगेच 108 लावा.