पाटणादेवीच्या घळीतली तिळवण

चाळीसगावहून पाटणादेवीला श्रावणात जावं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचे काळे थर, आणि ते कापत उतरलेल्या ओढ्यांच्या घळी. केदारकुंडाच्या वाटेवर दगडांच्या बेचक्यात एक झुडूप भेटलं. गुडघ्याएवढं, हाताच्या पाच बोटांसारखी पानं, वर पांढऱ्या फुलांचा तुरा. पांढरी तिळवण! सोबतच्या आजी बघताक्षणी म्हणाल्या, “हाई भाजी शे, भाऊ.”

फूल भिंगाखाली धरलं की नजर हटत नाही. पाकळ्या चार, मोहरीसारख्याच. पुंकेसर सहा, पण ते तळातून न निघता मधल्या उंच दांड्यावरून जांभळट मिशांसारखे फुटतात. त्याच दांड्याच्या टोकाला पुढे लांब शेंग धरते. पान चुरगळलं तर उग्र वास येतो. पानात एक गंधकयुक्त द्रव्य आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या जागी असतात, पान फाटलं की दोन्ही एकत्र येतात. मोहरी फेसताना नाकात झणका जातो तो याच मेळामुळे.

तरीही वनस्पतिशास्त्राने तिळवणीला बराच काळ वाघाटीच्या कुळात बसवलं होतं. होय, आषाढी द्वादशीला जिची भाजी करतात तीच वाघाटी. डीएनए तपासल्यावर कळलं की तिळवणींचं कुळ मोहरीच्या कुळाला अधिक जवळचं, अगदी सख्ख्या बहिणीसारखं आहे.

ही सगळी उलथापालथ हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, एका कागदावर दिसते. झाड वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, जाड कागदावर शिवायचं किंवा चिकटवायचं, आणि कोपऱ्यात नाव-ठिकाणाची चिठ्ठी लावायची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हिला क्लिओमी गायनान्ड्रा म्हटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर कुकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात गायनान्ड्रॉप्सिस पेन्टाफिला हे नाव वापरलं. आज गायनान्ड्रॉप्सिस गायनान्ड्रा म्हणतात. नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी काढत नाहीत, शेजारी नवी लावतात. म्हणून जुन्या नोंदी शोधायच्या तर ही सगळी नावं पालथी घालावी लागतात.

माझा जीव मात्र नावापेक्षा ठिकाणात अडकतो. एका जुन्या संग्रहात मी तिळवणीचा सुंदर नमुना पाहिला, मुळांसकट. चिठ्ठीवर ठिकाण काय, तर नुसतं ‘खानदेश’! 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. म्हणजे ते झाड सातपुड्यातलं, तापीकाठचं की या अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं, काहीच ठरवता येत नाही. अर्धा जन्म वाया गेला त्या कागदाचा. नोंद नसणं म्हणजे झाड नसणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. दुर्मीळ फुलामागे सगळे धावतात, बांधावरचं तण गोळा करायला कुणी वाकत नाही.

आणि वाळलेलं पान किती बोलतं! वनस्पतिशास्त्रज्ञ इयन वुडवर्डने 1987 मध्ये इंग्लंडच्या हर्बेरियममधली दोनशे वर्षांतली झाडांची पानं तपासली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पानांवरची श्वासछिद्रं विरळ होत गेली होती. पानं गोळा करणाऱ्यांच्या ते स्वप्नातही नसणार.

आपल्या तिळवणीकडे तर असे प्रश्न विचारायला खास कारण आहे. उन्हात कार्बन डायऑक्साइड पानात एकवटून वापरण्याची ज्वारी आणि उसाची युक्ती, सी-फोर प्रकाशसंश्लेषण, तिला साधते. मोहरीच्या कुळाला ती साधलेली नाही. ही युक्ती भातात आणता येईल का, हे शोधणारे शास्त्रज्ञ म्हणूनच तिळवणीचा अभ्यास करतात.

पाटणादेवीची घळ अभयारण्यात येते आणि तिथे परवानगीशिवाय काही तोडता येत नाही, त्यामुळे घळीतल्या झाडाचा फक्त फोटो घेतला. नमुना गावाबाहेरच्या बांधावरून घेतला आणि तिथेच दाबला, कारण पानं लगेच मान टाकतात. रोज कागद बदलून आठवड्याने तो वाळला. चिठ्ठीवर तारीख, तालुका, गाव, बांधाची दिशा, फुलाचा रंग आणि वास लिहिला. वाळल्यावर रंग फिका पडतो, वास तर उरतच नाही. शेवटच्या ओळीत आजींचा शब्द घातला: स्थानिक उपयोग, भाजी.