भ्रमंतीच्या सायकलची पोलादी फ्रेम

सामान लादून अनेक दिवस प्रवास करण्यासाठी बांधलेल्या सायकलचा पोलादी नळ्यांचा सांगाडा. टायर, चेन, ब्रेकचे रबर, बेअरिंग हे सारे झिजते आणि बदलता येते. फ्रेम मात्र चांगली निवडली तर वर्षानुवर्षे तीच राहते आणि कोणते चाक बसेल, कोणता ब्रेक लागेल, किती ओझे पेलेल हे तीच ठरवते. सातारा-सांगली भागात ही निवड अधिक जपून करावी लागते, कारण इथल्या एकाच फेरीत सायकलला सह्याद्रीचे घाट, कोकणची खारी हवा आणि कृष्णाकाठची काळी माती या तिन्हींतून जावे लागते.

साताऱ्याहून वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर. पुढे कशेडी ओलांडून खेड, चिपळूण. आणि कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कऱ्हाडमार्गे परत. भ्रमंतीच्या फ्रेमची याहून चांगली कसोटी शोधून सापडणार नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरले, तर या उतारात तेरा-चौदा लाख जूल ऊर्जा वाऱ्यात आणि ब्रेकमध्ये जिरवावी लागते. ओझे घेऊन या वळणांवरून उतरताना फ्रेम सरळ राहते की हँडल थरथरू लागते, हे दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून कळत नाही.

पोलादच का

पोलादाची घनता सुमारे ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे ॲल्युमिनियम जवळजवळ तिप्पट हलके. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच. तो भरून काढण्यासाठी ॲल्युमिनियमच्या फ्रेमला जाड व्यासाच्या नळ्या लावतात. दुसरा फरक धातूच्या थकव्याचा आहे. पोलादात एका ठरावीक मर्यादेखालचे हेलकावे कितीही वेळा बसले तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्यामुळे त्याच्या फ्रेममध्ये आधीच जास्तीचा धातू घालून आयुष्य वाढवावे लागते. नीट बांधलेली ॲल्युमिनियमची फ्रेमही खूप वर्षे चालते, हे मान्य करायला हवे. पोलादाचा खरा गुण वेगळा आहे: ते तुटण्याआधी बहुधा वाकते किंवा सावकाश तडकते. रंगाला भेग पडते, सांध्यातून कुरकुर ऐकू येते, चाक एका बाजूला घासू लागते. पाटणच्या अलीकडे, वस्तीपासून दूर, अशी आगाऊ सूचना मिळणे फार मोलाचे असते.

क्रोमोली या मिश्र पोलादाची भ्रमंती-फ्रेम साधारण दोन ते अडीच किलोची असते. ॲल्युमिनियमची थोडी हलकी असते, पण मागे-पुढे वीस किलो सामान बांधल्यावर तो फरक पायांना जाणवत नाही. पोलादी सायकल ‘मऊ’ चालते असे पुष्कळ जण सांगतात. त्यात तथ्य थोडे आहे आणि अतिशयोक्ती बरीच. खडबडीत रस्त्यावरचा आराम मुख्यतः टायरच्या रुंदीतून आणि हवेच्या दाबातून येतो. फ्रेमने करायचे ते एवढेच, की रुंद टायरला जागा द्यायची.

पोलादाचे नाव आणि नळीचे माप

बाजारात फ्रेम विकली जाते ती पोलादाच्या नावावर. सर्वांत स्वस्त ते हाय-टेन, म्हणजे हाय-टेन्साइल पोलाद. त्याच्या वर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले ४१३० क्रोमोली. त्याहून वर नामवंत नळी-कारखान्यांची पोलादे: बर्मिंगहॅमची रेनॉल्ड्स, मिलानची कोलंबस, जपानची टांगे. रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा ‘बटेड’ नळीचे पेटंट घेतले. १९३५ मध्ये आलेले त्यांचे ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद पुढची कित्येक दशके उत्तम सायकलची खूण मानले गेले. १९९५ च्या सुमारास आलेले ८५३ हे पोलाद वेल्डिंगनंतर थंड होताना सांध्याजवळ कमजोर पडण्याऐवजी अधिक कठीण होते.

या नावांच्या मोहात एक मूलभूत गोष्ट निसटते. साध्या पोलादापासून महागड्या पोलादापर्यंत सगळ्यांचा ताठपणा जवळजवळ सारखाच आहे, सुमारे २०० ते २१० गिगापास्कल. मिश्रधातूने वाढते ती ताकद, म्हणजे कायमचा बाक येण्याआधी किंवा तुटण्याआधी किती ताण सोसेल ती मर्यादा. जास्त ताकदीमुळे नळी पातळ करता येते आणि वजन उतरते. पण पातळ नळी जास्त लवचीकही होते. शर्यतीच्या सायकलला ०.८-०.५-०.८ मिलिमीटर जाडीची नळी शोभते. ओझे वाहणाऱ्या सायकलला ०.९-०.६-०.९ किंवा त्याहून भरीव नळी बरी. म्हणून ‘कोणते पोलाद’ यापेक्षा ‘किती व्यासाची, किती जाडीची नळी’ हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावा.

व्यासाचा परिणाम फार मोठा असतो. जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जुन्या मापात खालची तिरपी नळी २८.६ मिलिमीटरची असे; ती ३१.८ केली की त्याच जाडीत ताठपणा सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. वरची दांडीही २५.४ ऐवजी २८.६ ची घेतली, तर सामान लादल्यावर फ्रेम पिळवटत नाही. उतारावर हँडल थरथरू लागण्यामागे अनेकदा हीच पीळ असते: मागच्या कॅरिअरवर सगळे ओझे, पुढे काही नाही, आणि मध्ये बारीक, पातळ दांडी. अशा फ्रेमवरून आंबेनळी उतरणे धोक्याचे आहे.

मागचा त्रिकोण आणि चिमटा

भ्रमंतीची फ्रेम ओळखायची तर आधी मागच्या चाकाकडे पाहावे. बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या जागेपासून, मागच्या ॲक्सलपर्यंतच्या आडव्या नळ्या, म्हणजे चेनस्टे, शर्यतीच्या सायकलला ४१० मिलिमीटरच्या आसपास असतात. भ्रमंतीच्या सायकलला त्या ४४० ते ४६० हव्यात. त्यामुळे पायडल मारताना टाच मागच्या पिशवीला लागत नाही, सामानाचे वजन ॲक्सलच्या मागे लोंबत नाही आणि चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटत नाही. पसरणी घाट बसल्या बसल्या, सर्वांत हलक्या गिअरवर चढणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. शर्यतीची छान पोलादी फ्रेम स्वस्तात मिळते म्हणून तिलाच कॅरिअर जोडण्याचा बेत अनेक जण करतात. चेनस्टे आखूड असेल तर तो बेत सोडावा.

पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, हाही पोलादीच असावा. त्याच्या दोन्ही पायांवर, मध्यावर, खालच्या कॅरिअरसाठी आटे असलेली भोके हवीत. पुढचे ओझे चाकाच्या मध्याशी खाली बांधले की सायकल जड वाटते, पण रस्ता सोडत नाही. डिस्क ब्रेक लावायचा असेल तर चिमटा त्यासाठीच बांधलेला हवा, कारण डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या एकाच पायावर येतो. साध्या चिमट्यावर डिस्कचा कान वेल्ड करून घेऊ नये. रिम ब्रेक असेल तर लांब उतारावर रिम तापते आणि पावसात ब्रेक उशिरा धरतो. या भागातल्या पावसाळ्याचा विचार केला तर डिस्कचे पारडे जड आहे. तारेवर चालणारी यांत्रिक डिस्क पुरते आणि तिची तार कुठेही बदलता येते.

मातीची जागा

कृष्णाकाठची काळी माती कोरडी असताना त्रास देत नाही. पहिल्या पावसानंतर पलूस, वाळवा, मिरजेकडच्या शिवारातून उसाच्या ट्रॅक्टरने उकरलेल्या वाटेवर सायकल घातली, की माती टायरला चिकटते, चिमट्याच्या माथ्याशी आणि चेनस्टेच्या बेचक्यात साचते, आणि थोड्याच वेळात चाक फिरेनासे होते. म्हणून टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर भरपूर मोकळी जागा हवी. ४० मिलिमीटरचे टायर आणि त्यावर मडगार्ड बसूनही बोट सहज फिरेल एवढी जागा असेल तर फ्रेम इथल्या कामाची. कॅटलॉगमधले ‘कमाल टायर’ हे माप बहुतेक वेळा मडगार्डशिवायचे असते.

चाकाचे माप

७०० सी या चाकाच्या रिमचे टायर बसण्याचे माप ६२२ मिलिमीटर. माउंटन सायकलच्या २६ इंची चाकाचे ५५९. आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या, काळ्या, रॉड ब्रेकच्या सायकलींचे २८ × १½ हे चाक वेगळेच, ६३५ मिलिमीटरचे. त्याचा टायर ७०० सी रिमवर बसत नाही. गावातल्या दुकानात ‘२८ चा टायर आहे’ असे ऐकून हायसे वाटते, पण तो आपल्या कामाचा नसतो. लहान गावात २६ इंची माउंटन टायर आणि ट्यूब सहज मिळतात. ७०० सी साठी बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते.

उंची कमी असेल तर २६ इंची चाकांची फ्रेम आणखी एका कारणाने सोयीची. लहान फ्रेममध्ये ७०० सी चाक कोंबले की वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते, आणि ते टाळण्यासाठी फ्रेमचे कोन बिघडवावे लागतात. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या गाजलेल्या भ्रमंती-फ्रेमचे लहान आकार म्हणूनच २६ इंची चाकांवर बेतलेले होते. आकार निवडताना सीटच्या नळीची लांबी फारशी उपयोगी नाही, कारण वरची दांडी उतरती असली की ते माप फसवे ठरते. हँडलची उंची आणि हँडलपर्यंतचे अंतर ही दोन मापे, स्टॅक आणि रीच, जुळली पाहिजेत. दिवसभर सीटवर बसायचे असल्याने हँडल थोडे उंच असलेले चांगले. मापात न बसणारी फ्रेम कितीही उत्तम पोलादाची असली तरी घेऊ नये.

मागच्या हबसाठी १३५ मिलिमीटरची जागा हे भ्रमंतीचे रूढ माप आहे. हबमधून आरपार जाणाऱ्या जाड ॲक्सलच्या नव्या, थ्रू-ॲक्सल फ्रेममध्ये ते १४२ असते. जुन्या १३० च्या पोलादी फ्रेमचे मागचे पाय जाणकाराकडून थंड अवस्थेतच प्रत्येकी अडीच मिलिमीटर फाकवून घेता येतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असावा, ६८ मिलिमीटर रुंदीचा इंग्लिश मापाचा. नुसता ठोकून बसवलेला बॉटम ब्रॅकेट पुढे कुरकुरतो आणि काढायला खास अवजार लागते.

कुठेही वेल्ड होते का

पोलादी फ्रेमच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद म्हणजे ती कोणत्याही गावात वेल्ड करून मिळते. तो अर्धाच खरा आहे. ट्रॉलीचा सांगाडा जोडणारा कारागीर जाड रॉडने आर्क वेल्डिंग करतो. ०.६ मिलिमीटरच्या नळीवर तो रॉड टेकला की नळीला भोक पडते, आणि सांध्याभोवतीचा धातू ठिसूळ होऊन तिथेच पुन्हा तुटतो. जाड नळीच्या हाय-टेन फ्रेमवर हे कसेबसे निभते. बटेड क्रोमोलीला टिग वेल्डिंग किंवा गॅसवर पितळ वितळवून केलेले ब्रेझिंग लागते.

सुदैवाने या दोन जिल्ह्यांत ते जाणणारे हात आहेत. सातारा, तासवडे, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत टिगचे काम होते, आणि साखर कारखान्यांच्या देखभालीत पातळ नळ्यांची सवय झालेले वेल्डर असतात. धातूकामाचा वारसाही इथे जुना आहे: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. फ्रेम दाखवताना ‘क्रोमोली आहे, नळी एक मिलिमीटरहून पातळ आहे’ एवढे स्पष्ट सांगावे आणि सांध्याभोवतीचा रंग आधी खरवडून काढावा.

पोलादाचा जो दुरुस्तीपणा रस्त्यात खरोखर कामी येतो तो याहून साधा आहे. सायकल पडली आणि गिअर बदलणारा डिरेलर लटकवण्याचा कान वाकला, तर पोलादी कान पान्याने हळूच सरळ करता येतो. कॅरिअरच्या भोकाचे आटे गेले तर आटे पाडायचा टॅप फिरवून पुन्हा काढता येतात. ही भोके म्हणजे मागे प्रत्येक बाजूला दोन, एक कॅरिअरला आणि एक मडगार्डला, शिवाय पाण्याच्या बाटल्यांसाठी किमान तीन जागा, फ्रेमवर मुळातच असायला हव्यात. माण-खटावच्या उन्हाळ्यात तिसरी बाटली लागतेच.

गंज

पोलाद गंजते आणि ते आतून गंजते तेव्हा दिसत नाही. पाणी सीटच्या नळीतून उतरून बॉटम ब्रॅकेटशी साचते. तिथे खाली लहान भोक असेल तर उत्तम. नसेल तर पावसाळी फेरीनंतर सीट-पोस्ट काढून सायकल उलटी ठेवावी. नवी फ्रेम जोडण्याआधी तिच्या आत रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल ओतून, सगळ्या बाजूंनी फिरवून, उरलेले निथळू द्यावे. ते वाळून पातळ थर धरते. कोकणातून परतल्यावर बाहेरून गोड्या पाण्याने धुणे पुरेसे असते. सीट-पोस्ट ॲल्युमिनियमचा असतो आणि पोलादी नळीत ओल मिळाली की दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरतात. ग्रीस लावून वर्षातून एक-दोनदा तो काढून पुन्हा बसवला नाही, तर पुढे करवतीने कापावा लागतो.

जुनी फ्रेम घेताना

नवी क्रोमोली भ्रमंती-फ्रेम महाग पडते, त्यामुळे जुनी, शॉकॲब्झॉर्बर नसलेली, क्रोमोलीची माउंटन फ्रेम हा चांगला पर्याय आहे. स्टिकरवर विसंबू नये. सीटची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असून तिच्यात २७.२ चा सीट-पोस्ट बसत असेल तर नळी पातळ, म्हणजे बहुधा चांगल्या पोलादाची. २५.४ चा बसत असेल तर नळी जाड आणि पोलाद साधे. मग हँडलच्या नळीच्या लगेच मागे, तिरप्या नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. तिथे फुगवटा किंवा रंगाला आडवी सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून धडकली आहे. ती घेऊ नये. शेवटी एक सुतळी मागच्या एका ड्रॉपआउटपासून, म्हणजे ॲक्सल बसण्याच्या खाचेपासून, हँडलच्या नळीभोवती फिरवून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावी आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर फ्रेम सरळ करण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करावा.